वाचकांचे प्रश्न : आडवाटेला गाडी अडली तर

पावसाळा ओसरू लागला की नागपूरच्या हौशी मंडळींच्या गाड्या शनिवार-रविवारी डांबरी रस्ते सोडून कच्च्या वाटांकडे वळतात आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत या सदराच्या टपालातही चिखल, पंक्चर आणि तापलेली इंजिने यांचीच गर्दी होते. या वेळी आम्ही मुद्दाम अशी पत्रे निवडली आहेत, ज्यांत गाडी बंद पडली तेव्हा वाचक एकटे नव्हते, मित्रमंडळींसोबत होते. हायवेवर गाडी अडली तर माणूस निमूटपणे मेकॅनिकला फोन करतो. आडवाटेला सहा मित्र असले तर सहा मेकॅनिक असतात. पत्रे वाचताना असे दिसले की बहुतेक ठिकाणी मूळ बिघाड किरकोळ होता आणि खिशाला खरी कात्री लागली ती त्यानंतरच्या पंधरा मिनिटांच्या घाईमुळे.

प्रश्न : ऑगस्टमध्ये आम्ही मित्र तीन गाड्या घेऊन उमरेडच्या पुढे एका पांदण रस्त्याने गेलो होतो. माझी फोर बाय फोर गाडी काळ्या मातीत रुतली. मित्राने आपल्या गाडीला दोर बांधून झटके दिले, त्यात माझ्या गाडीचा बंपर निघून आला आणि दोराचे टोक त्याच्या मागच्या काचेवर आदळले. शेवटी गावातल्या ट्रॅक्टरने गाडी बाहेर काढली. फोर बाय फोर असूनही गाडी का रुतली आणि ओढताना आमचे कुठे चुकले? — एक वाचक, मानेवाडा

उत्तर : नागपूर शहर दख्खनच्या बेसॉल्ट कातळाच्या पूर्व कडेला वसलेले आहे, त्यामुळे शहरापासून कोणत्या दिशेला निघालात यावर चाकाखाली काय येणार हे ठरते. काटोल-कोंढाळीकडच्या टेकड्यांवर मुरूम आणि दगड लागतो, देवलापारच्या बाजूला सातपुड्याच्या पायथ्याची खडकाळ वाट लागते, तर उमरेडच्या परिसरातील सखल शेतांमधल्या पांदणी अनेक ठिकाणी निव्वळ काळ्या मातीच्या असतात. ही माती पाणी पिऊन फुगणारी चिकणमाती आहे. वरचा पापुद्रा दोन दिवसांच्या उन्हाने वाळून भेगाळलेला दिसतो आणि त्याच्याखाली वीतभर गारा तसाच ओला असतो. फोर बाय फोरमुळे इंजिनाची ताकद चारही चाकांना मिळते हे खरे, परंतु पकड जमिनीनेच द्यायची असते. टायरच्या खाचा गाऱ्याने भरल्या की महागडा मड टायरही गुळगुळीत होतो आणि मग ॲक्सिलरेटर दाबणे म्हणजे चार चाकांनी चार खड्डे खणणे होय. चाक जागच्या जागी फिरू लागले की पाय लगेच उचलावा. फार तर रिव्हर्समध्ये, आपल्याच चाकोरीवरून, एकदा अलगद प्रयत्न करावा. तोही फसला तर इंजिन बंद करून खाली उतरावे. आपल्या पत्रात चाके किती वेळ फिरवली याचा उल्लेख नाही, परंतु गाडी खोल रुतली असणार, कारण वरवर रुतलेल्या गाडीचा बंपर सहसा निघत नाही.

खाली उतरल्यावर दोराला हात घालण्याआधी फावडे घ्यावे. गाडीला चाकांपेक्षा तिचे पोट अधिक अडवून धरते. मागच्या आसाचा डिफरन्शियलचा (चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरांचा) गोळा, चेंबरखालची (इंजिन ऑइलच्या तळटाकीखालची) पत्र्याची पाटी किंवा पायरी मातीवर टेकलेली असली, तर चाकांखाली कितीही दगड घातले तरी उपयोग होत नाही. म्हणून प्रथम पोटाखालची माती मोकळी करावी, नंतर ज्या दिशेने बाहेर पडायचे आहे त्या दिशेला प्रत्येक चाकापुढे उताराची चर काढावी आणि टायरच्या खाचांमधला गारा काडीने खरवडून टाकावा. टायरमधील हवा ३२ पौंडांवरून १८ ते २० पौंडांपर्यंत उतरवली की टायर पसरतो आणि जमिनीशी त्याचा संपर्क वाढतो. १५ च्या खाली जाऊ नये, कारण वळताना टायर रिमवरून निखळू शकतो. आणि एवढी हवा काढायची तर ती परत भरायचा छोटा पंप डिक्कीत हवाच. चाकाखाली घालायला गोणपाट, गाडीतले पायपुसणे किंवा धुऱ्यावर रचून ठेवलेल्या पऱ्हाट्या चालतात, मात्र त्या शेतकऱ्याच्या जळणासाठी ठेवलेल्या असतात, तेव्हा विचारून घ्याव्यात. तुराट्या घेतल्यास आडव्या टाकाव्यात; विळ्याने तिरप्या कापलेल्या तुराटीचे टोक टायरच्या कडेत घुसायला वेळ लागत नाही. एवढे केल्यावर बऱ्याच गाड्या लो रेंजच्या (फोर बाय फोरमधील संथ, जादा जोराच्या जोडणीच्या) पहिल्या किंवा दुसऱ्या गिअरमध्ये, दोर न लावताच, आपल्या पायांनी बाहेर येतात.

तरीही ओढावी लागलीच, तर किती जोर लागणार याचा अंदाज आधी बांधावा. गाडी ओढून काढणाऱ्यांमध्ये एक ठोकताळा प्रचलित आहे : माती चाकाच्या मध्यापर्यंत असेल तर गाडीच्या वजनाइतका जोर लागतो, मडगार्डपर्यंत असेल तर दुप्पट आणि बॉडीपर्यंत बुडाली असेल तर तिप्पट. माणसे आणि सामान धरून दोन टनांची गाडी मडगार्डपर्यंत बुडाली असेल तर दोराला चार टन ओढायचे आहेत, आणि तेही झटक्याविना. झटका दिला की हा आकडा कितीतरी वाढतो. बंपर एवढ्या ताणासाठी बनवलेलाच नसतो; तो पत्र्याला किंवा प्लास्टिकच्या कड्यांना बसवलेला असतो. दोर नेहमी चासीला पक्क्या बसवलेल्या टो-हुकातच अडकवावा. काही गाड्यांना खाली छोटी कडी असतात, ती गाडी ट्रेलरवर बांधून नेण्यासाठी असतात, ओढण्यासाठी नसतात. मागे ट्रेलर जोडण्याचा जो गोळा असतो, त्याला दोर अडकवण्याची कल्पना तर कायमची डोक्यातून काढून टाकावी, कारण तो तुटून गोळीसारखा सुटल्याने माणसे दगावली आहेत.

दोरांतही भेद आहे. ताणला जाणारा नायलॉनचा कायनेटिक दोर थोड्या धावेने ओढण्यासाठी असतो. त्याची तुटण्याची क्षमता भरलेल्या गाडीच्या वजनाच्या दुप्पट ते तिप्पट असावी. न ताणला जाणारा पॉलिस्टरचा पट्टा किंवा साखळी वापरायची असेल, तर ती आधी पूर्ण ताणून घेऊन सावकाश ओढायचे असते, झटका अजिबात द्यायचा नसतो. आपल्या मित्राने बहुधा साध्या दोराला कायनेटिक दोरासारखी वागणूक दिली. दोराच्या मध्यावर ओले गोणपाट किंवा जाड जाकीट टाकावे, म्हणजे दोर तुटलाच तर तो उसळण्याऐवजी खाली बसतो. ओढणाऱ्या दोन चालकांखेरीज बाकी सगळ्यांनी दोराच्या लांबीच्या किमान दीडपट अंतरावर, बाजूला उभे राहावे, आणि खुणा एकानेच कराव्यात. व्हिडिओ काढणारा मित्र नेमका दोराच्या रेषेत उभा असतो, हा सार्वत्रिक अनुभव आहे. त्याला आधी हलवावे.

ट्रॅक्टर बोलावलात हे उत्तम केले आणि खरे तर तो आधीच बोलवायला हवा होता. ट्रॅक्टरची साखळी जाड असते, पण चालकाला आपल्या गाडीचे हूक कुठे आहे हे ठाऊक नसते आणि घाईत तो ती समोरच्या आसाला किंवा स्टिअरिंगच्या रॉडला गुंडाळतो, तेव्हा साखळी स्वतः वाकून लावावी. दर आधी ठरवावा, आणि ट्रॅक्टर उभ्या पिकातून आला असेल तर त्या नुकसानीचे पैसे वेगळे द्यावेत. पुढच्या वेळी त्याच गावात जायचे असते.

प्रश्न : मे महिन्यात कोंढाळीच्या बाजूला टेकडी चढताना आमच्या गाडीचा टेंपरेचर काटा लाल रेषेवर गेला. एका मित्राने लगेच रेडिएटरचे झाकण उघडले आणि त्याचा हात भाजला. पाणी तर घालायचेच होते. मग योग्य पद्धत कोणती? — एक वाचक, हिंगणा रोड

उत्तर : आपल्या मित्राची प्रकृती आता ठीक असावी अशी आशा करतो. रेडिएटरचे झाकण हे केवळ झाकण नसून दाब धरून ठेवणारी झडप आहे. त्या दाबामुळे आतील पाणी शंभर अंशांऐवजी सुमारे १२० अंशांपर्यंत न उकळता राहते. झाकण फिरवताच दाब शून्यावर येतो आणि तेच पाणी एका क्षणात वाफ होऊन उसळते. वरचा रबरी पाइप हाताने दाबून पाहावा. तो फुगलेला आणि कडक असेल तोवर झाकणाला हात लावू नये. उन्हाळ्यात अर्धा-पाऊण तास थांबण्यावाचून गत्यंतर नसते.

काटा वर सरकू लागला, पण वाफ नाही, अशा वेळी ताबडतोब इंजिन बंद करण्याची गरज नसते. एसी बंद करून हीटर पूर्ण गरम आणि ब्लोअर पूर्ण वेगाने लावावा, गाडी सावलीत न्यूट्रलमध्ये उभी करून पंखा फिरतो आहे ना ते पाहावे. हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच असतो. मे महिन्याच्या दुपारी ४५ अंशांत हीटर लावायला सांगितल्यावर मित्र काय म्हणतील याची कल्पना आहे. त्यांना खाली उतरवावे. वाफ निघत असेल, गोडसर वास येत असेल किंवा काटा खाली यायलाच तयार नसेल, तर मात्र इंजिन तत्काळ बंद करावे.

थंड झाल्यावर कारण शोधावे. पंखा फिरत नसेल तर फ्यूज पाहावा. बेल्ट तुटला असेल तर तो डोळ्यांना दिसतो. पाइपाला चीर असेल तर चिकटपट्टी गुंडाळून, जुबिली क्लिप आवळून, झाकण अर्धवट सैल ठेवून जवळच्या गावापर्यंत हळू जाता येते. मात्र आपल्याकडे एक कारण असे आहे, जे मॅन्युअलमध्ये सहसा सापडत नाही. ऑक्टोबरपासून पुढे उंच वाळलेल्या गवतातून गाडी गेली की कुसळे रेडिएटरच्या जाळीत शिरतात. समोरून पाहिले तर एसीच्या कंडेन्सरची जाळी स्वच्छ दिसते आणि कुसळांचा थर त्याच्या मागे, दोन जाळ्यांच्या फटीत, नमद्यासारखा बसलेला असतो. वरून टॉर्च मारून पाहावे, इंजिनाच्या बाजूकडून पुढच्या दिशेला हलक्या धारेने पाणी मारून ती बाहेर ढकलावीत, जोरदार धार मारल्यास जाळीच्या पात्या वाकतात. तेच वाळलेले गवत तापलेल्या सायलेन्सरला लागून पेट घेऊ शकते, म्हणून तापलेली गाडी गवतात उभी करू नये. उघड्या मुरमावर किंवा दगडावर थांबावे.

पाणी घालताना इंजिन कोमट झालेले असावे आणि पाणी हळूहळू घालावे, तापलेल्या हेडवर गार पाणी गेले तर हेड तडकतो. कूलंट नसेल तर पिण्याचे पाणी चालते, परंतु माणसांसाठीचे पाणी वेगळे राखून ठेवावे. उन्हाळ्यात माणशी पाच लिटर पाणी हे चैनीत मोडत नाही.

प्रश्न : पांदण रस्त्याने गेलो की ट्यूबलेस टायरमध्ये बाभळीचे काटे घुसतात. काटा लगेच काढून पट्टी लावावी की तसेच चालवावे? — एक वाचक, कामठी

उत्तर : हवा जात नसेल तर काटा काढू नये. ट्यूबलेस टायरमध्ये घुसलेला काटाच भोक बुजवून बसलेला असतो. तो उपटला की एका काट्याचे एक पंक्चर होते आणि एका टायरमध्ये असे अनेक काटे असू शकतात. हवा मोजून घ्यावी, डांबरी रस्त्याला लागल्यावर पुन्हा मोजावी आणि पंक्चरवाल्याकडे एकदाच सगळे काटे काढून घ्यावेत. हवा जातच असेल तर मात्र काटा ज्या कोनात घुसला त्याच कोनात रिमर (भोक साफ करायची टोचणी) फिरवून पट्टी लावावी, कोन चुकला तर पट्टी टिकत नाही.

टायरच्या बाजूच्या भिंतीला चीर पडली असेल तर पट्टीच्या भानगडीत न पडता स्टेपनी लावावी. मऊ मातीत जॅकखाली जाड फळी हवी, जमिनीवरच्या चाकांना, ती सरकू नयेत म्हणून, दगडाची उटी हवी आणि काढलेले चाक गाडीच्या चासीखाली सरकवून ठेवावे, म्हणजे जॅक घसरला तरी गाडी जमिनीवर आदळत नाही. नट आमनेसामने आवळावेत आणि पन्नास-एक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा पाना लावून पाहावा. आणि निघण्याआधी स्टेपनीतली हवा तपासावी, हे सांगायची गरज भासू नये, पण भासते.

प्रश्न : माझे पती आणि त्यांचे मित्र रामटेकच्या पलीकडे फिरायला गेले असता नाल्याच्या मध्यावर गाडी बंद पडली. सगळ्यांनी आळीपाळीने सेल्फ मारून पाहिला. गाडी सुरू झाली नाही आणि आता मेकॅनिक म्हणतात इंजिन उघडावे लागेल. पाण्यात गाडी बंद पडल्याने एवढे होते का? — एक वाचक, सदर

उत्तर : ताई, पाण्यात गाडी बंद पडल्याने सहसा एवढे होत नाही, बंद पडल्यावर सेल्फ मारल्याने होते. पाणी हवेच्या नळीतून सिलिंडरमध्ये शिरले की पिस्टन वर येताना त्याला दाबायला हवा नसते, पाणी असते, आणि पाणी दाबले जात नाही. मग कनेक्टिंग रॉड वाकतो. कधी तो वाकूनही इंजिन तात्पुरते सुरू होते आणि काही दिवसांनी रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. त्यामुळे मेकॅनिकचे म्हणणे चुकीचे वाटत नाही; मात्र इंजिन उघडण्यापूर्वी प्लग अथवा इंजेक्टर काढून सिलिंडरमध्ये पाणी आहे का हे आपल्यासमोर दाखवावे, असे त्यांना सांगावे.

पुढच्या वेळी मंडळींनी असे करावे. गाडी पाण्यात बंद पडली की किल्लीला हात न लावता ती न्यूट्रलमध्ये टाकून दोराने मागे ओढावी. कोरड्यावर आल्यावर एअर फिल्टरचा डबा उघडून हात लावून पाहावा. फिल्टर कोरडा असेल तर बहुधा पाणी आत गेलेले नसते आणि बिघाड विजेचा असतो. कनेक्टर पुसून, वाळवून प्रयत्न करता येतो. फिल्टर ओला असेल तर पेट्रोल गाडीचे स्पार्क प्लग काढून मगच सेल्फ मारावा, म्हणजे पाणी भोकांतून बाहेर फेकले जाते. डिझेल गाडीत हा खटाटोप जागेवर करू नये, सरळ ओढून न्यावी. इंजिन ऑइलची काडी काढून पाहावी, ऑइल दुधाच्या चहासारखे दिसत असेल तर इंजिन अजिबात फिरवू नये. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलमधले ऑइलही नंतर तपासून घ्यावे, कारण तापलेला गोळा गार पाण्यात गेला की आकसून पाणी आत ओढतो.

पाण्यात शिरण्याचा निर्णय कसा घ्यावा, हे आपण विचारलेले नाही, तरी त्यांना दाखवण्यासाठी लिहितो. गाडी किती खोल पाण्यातून जाऊ शकते हे बऱ्याच गाड्यांबाबत कंपनीने दिलेले असते आणि त्यांत बराच फरक असतो. नव्या थारसाठी ते ६५० मिलिमीटर आहे, जिम्नीसाठी त्याच्या निम्म्याहून कमी. मित्राची गाडी गेली म्हणून आपली जाते असे नाही. हा आकडा साचलेल्या पाण्याचा आहे. वाहते फूटभर पाणी लहान गाडी तरंगवू शकते आणि दोन फूट पाणी बहुतेक गाड्यांना वाहून नेते. नाल्याचा तळ दिसत नसेल आणि पाणी वाहते असेल, तर पलीकडे काय आहे हे दुसऱ्या दिवशी पाहावे.

प्रश्न : ट्रेलवर मुक्काम केला, रात्रभर गाडीतली गाणी चालू राहिली, सकाळी बॅटरी डाऊन. गाडी ऑटोमॅटिक असल्याने धक्का स्टार्ट होईना. — एक विद्यार्थी, धंतोली

उत्तर : ऑटोमॅटिक गाडी धक्क्याने सुरू होत नाही, कितीही मित्र ढकलोत. जंपर केबल ठेवावी. लाल केबल आधी बंद गाडीच्या बॅटरीच्या अधिक टोकाला, मग चालू गाडीच्या अधिक टोकाला. काळी केबल चालू गाडीच्या उणे टोकाला आणि तिचे शेवटचे टोक बंद गाडीच्या इंजिनावरील उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर लावावे, कारण बॅटरीतून निघणाऱ्या हायड्रोजनजवळ ठिणगी नको. काढताना क्रम उलटा. मात्र केबल जोडण्याआधी बॅटरीचे टर्मिनल हलवून पाहावे. खडबडीत वाटेने ते सैल होते आणि दहा नंबरच्या पान्याने आवळताच ‘डाऊन’ बॅटरी जिवंत होते. गाडी ओढून न्यायची वेळ आली तर ऑटोमॅटिक गाडी चालती चाके जमिनीवर ठेवून ओढू नये, तिच्यासाठी फ्लॅटबेड (गाडी पाठीवर चढवून नेणारा सपाट ट्रक) मागवावा. फोर बाय फोर गाड्यांनाही हाच नियम सुरक्षित आहे.

प्रश्न : माझा मुलगा मित्रांसोबत पेंच आणि उमरेडच्या बाजूला गाडी घेऊन जातो. मागच्या खेपेला गाडी बंद पडली, फोन लागेना, आणि दोघे जण पायी निघून मध्यरात्री गावात पोहोचले. आम्हाला काहीच कळले नाही. अशा वेळी कोणी थांबावे आणि कोणी जावे? — एक आई, त्रिमूर्तीनगर

उत्तर : अंधार पडल्यानंतर कोणीही पायी जाऊ नये. पेंच व्याघ्र प्रकल्प आणि उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य यांच्या भोवतालच्या शेतांतून व गावांजवळून वाघ, बिबट, अस्वल आणि रानडुकरांची ये-जा असते, त्यामुळे रात्री गाडीत, काचा बंद करून बसणे हेच पायपिटीपेक्षा सुरक्षित आहे. आणि मुलांना हेही स्पष्ट सांगावे की राखीव जंगलात किंवा अभयारण्यात परवानगीविना गाडी घालणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ आणि वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ यांखाली गुन्हा आहे. गाडी तिथे बंद पडली तर बिघाडासोबत गुन्हाही नोंदला जातो, आणि ‘नकाशात रस्ता दिसत होता’ हे उत्तर तिथे चालत नाही.

खरा निर्णय दिवसा घ्यायचा असतो. डिसेंबरात नागपूरला साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे चार वाजेपर्यंत गाडी हलली नाही तर दुरुस्ती थांबवावी, बंद गाडी आहे तिथे सोडावी आणि सगळ्यांनी उरलेल्या गाड्यांमधून डांबरी रस्ता गाठावा. सगळ्यांना बसायला जागा हवी असेल तर मुळात निघतानाच किमान दोन गाड्या हव्यात आणि दोन्ही गच्च भरलेल्या नकोत. यावर मुले कुरकुर करतात, कारण गाडी एकटी सोडवत नाही. जवळच्या गावात पोलीस पाटलांना सांगून, जागेचा नकाशावरील पिन घेऊन, किमती सामान काढून गाडी सोडली तर सकाळी ती बहुधा तशीच सापडते. मदत आणायला दिवसा जावे लागले तर दोघांनी मिळून जावे आणि मागेही किमान दोघे राहावेत.

फोन लागत नसेल तिथेही लघुसंदेश कधी कधी निघून जातो, तेव्हा प्रयत्न करत राहावे, आणि ११२ हा क्रमांक आपल्या कंपनीचे नेटवर्क नसले तरी दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून लागू शकतो. जंगलाशी संबंधित अडचण असेल तर वनविभागाची १९२६ ही मदतवाहिनी आहे, राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३. आपण आई म्हणून दोनच गोष्टी विचारून ठेवा : डांबरी रस्ता कुठे सोडणार, आणि किती वाजता पुन्हा रस्त्याला लागून फोन करणार. ठरलेल्या वेळेनंतर दोन तास फोन आला नाही तर आपण पोलिसांना डांबरी रस्ता सोडला त्या ठिकाणाचे नाव सांगू शकता. ‘पेंचला गेलाय’ एवढ्यावर कोणी शोधू शकत नाही.

प्रश्न : दगडाने चेंबर फुटले, ऑइल गेले, तरी गाडी चालवून आणली आणि इंजिन जाम झाले. विम्याचा दावा मिळेल का? ग्रुपने काढलेल्या सहलीला विमा लागू असतो का? — एक वाचक, वर्धमाननगर

उत्तर : चेंबर दगडावर आदळून फुटणे हा बाह्य आघात आहे, तेव्हा फुटलेल्या चेंबरचा दावा सर्वसमावेशक पॉलिसीत बसू शकतो. मात्र त्यानंतर गाडी चालवल्याने जाम झालेले इंजिन हे परिणामी नुकसान मानले जाते आणि इंजिन संरक्षणाची जोडपॉलिसी नसेल तर ते सहसा नाकारले जाते. पाण्यात सेल्फ मारून वाकलेल्या रॉडचेही तेच. ऑइलचा दिवा लागताच इंजिन बंद केले असते, तर खर्च चेंबरपुरता राहिला असता. छोटी चीर असेल तर ती जागा पेट्रोलने पुसून, कोरडी करून एम-सीलसारखा इपॉक्सी लावता येतो. तो पूर्ण सुकू द्यावा आणि डब्यातले ऑइल ओतून हळू निघावे, दर दोन किलोमीटरला खाली वाकून पाहावे. डिझेल टाकीला चीर असेल तर ओल्या अंगाच्या साबणाचा गोळा दाबून बसवतात, तो डिझेलमध्ये विरघळत नाही, गावापर्यंत टिकतो.

निव्वळ यांत्रिक किंवा विजेचा बिघाड मानक पॉलिसीत येत नाही. टायरचे नुकसान गाडीला त्याच अपघातात इतर इजा झाली असेल तरच, आणि तेही निम्म्या किमतीपर्यंत मिळते. गाडी ओढून नेण्याचा खर्च मानक शब्दरचनेत एका अपघातामागे १५०० रुपयांपर्यंत धरलेला असतो. आडवाटेवरून क्रेन आणली तर हा आकडा कुठेच पुरत नाही, म्हणून तो वाढवून घ्यावा. गाडी हलवण्याआधी तिची जागा, खालचा दगड, सांडलेले ऑइल आणि मीटर यांचे फोटो काढावेत व कंपनीला तिथूनच कळवावे.

सहलीबद्दल : मानक खासगी पॉलिसीत संघटित शर्यत, वेगचाचणी, गाडीची क्षमताचाचणी आणि भाडे घेऊन केलेला वापर वगळलेला असतो. मित्रांनी पेट्रोल वाटून घेणे भाड्यात मोडत नाही. आपल्या ग्रुपने प्रवेशशुल्क घेऊन, नंबर चिकटवून, वेळ मोजून फेरी काढली असेल तर मात्र कंपनी हे कलम पुढे करू शकते, त्यामुळे अशा कार्यक्रमाआधी कंपनीकडून ईमेलवर लेखी उत्तर मागवून घ्यावे.